शेवाळाचे लाड

फेब्रुवारी महिन्यातील एका सोमवारी, सकाळची कामे आटोपल्यावर, चारमजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील पूर्वाभिमुख बैठकीच्या खोलीत, एका सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षकाने काचेची रिकामी टाकी लोखंडी टेबलावर चढवली. मग तिच्या कडेवर पाणसळ ठेवून, नळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत, त्याने टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले. खोलीत त्या वेळी दुसरे माणूस एकच होते. खिडकीशी वेताच्या खुर्चीत, काळा चष्मा लावून, निरीक्षकांची थोरली बहीण बसली होती. तिला घरी आणि शेजारी सगळेच अक्का म्हणत.

"झालं का रे, बाबू?" अक्कांनी विचारले.

"केसभर डावीकडे झुकतेय."

"माशांना कळणार आहे का ते?"

"माशांना नाही कळलं, तरी काचेला कळतं. पाण्याचा भार एका अंगाला गेला की सांध्यावर ताण येतो."

"बरं बाबा. काचेचं मन राख."

अक्कांचे आयुष्य दुसऱ्या गावी, शिवणाच्या मशीनवर गेले होते. शाळेचे गणवेश, झबली, लग्नाचे पोशाख, असे सर्व काही त्यांनी शिवले होते. पती तरुणपणीच गेले, मूल नव्हते. शिवणाच्या दुकानावरची एक खोली हेच त्यांचे घर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, सुईचे नेढे दिसेनासे झाले, तेव्हा निरीक्षक जाऊन त्यांना घेऊन आले. शस्त्रक्रिया चांगली झाली. काही आठवडे वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, वेळच्या वेळी थेंब घालायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. निरीक्षकांनी संसार मांडलेला नव्हता. थेंब घालण्याची वेळ त्यांनी एकदाही चुकवली नाही. आता ते आठवडे सरत आले होते, आणि नेमक्या त्याच सुमारास ही टाकी घरात आली.

"नव्या डोळ्यांना जवळचं, हलतं काहीतरी बघायची सवय हवी," निरीक्षकांनी कारण दिले होते.

"असं डॉक्टर म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण नको असंही म्हणाले नाहीत."

यावर अक्का हसल्या होत्या, आणि हसता हसता म्हणाल्या होत्या, "ठीक आहे. तुझे मासे पाण्यात सुटले की ते डोळे भरून बघते आणि मग माझ्या खोलीवर जाते. तोवर थांबते."

निरीक्षकांनी मान हलवली आणि ते टाकीच्या झाकणाचे माप घ्यायला उठले.

ती मान ज्याने हलवली तो मनुष्य कसा होता, हे सांगितल्यावाचून पुढील हकीकतीचे मर्म लक्षात यायचे नाही. भाजीवाल्याच्या काट्यापासून दूध केंद्राच्या मापापर्यंत ज्या कशावर नजर जाई, त्यावर वाद घातल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. नोकरीच्या काळात तो त्यांचा धर्म होता आणि निवृत्तीनंतर छंद. उन्हाळा अमुक दिवशी सुरू झाला असे कोणी म्हटले, तरी ते पुरावा मागत. अशा मनुष्याने थोरल्या बहिणीच्या जाण्याची अट एका शब्दाने न खोडता मान्य केली. त्यांचा विचार सरळ होता. अट तिची, घर तिचे, मर्जी तिची. वडील माणसाच्या निर्णयात हात घालू नये. विचार निर्दोष होता. निर्दोष विचारांनी माणसे दुखावली जातात ही गोष्ट त्यांच्या कोणत्याच मापात बसणारी नव्हती.

टाकी मांडायला दोन दिवस लागले. तळाला सकस काळी माती, तिच्यावर जाडसर वाळू. वाळू निरीक्षकांनी इतक्या वेळा धुतली की अक्का म्हणाल्या, "अरे, आता ती वाळू नाही उरली, साखर झाली." मागच्या बाजूला एक वाकडा ओंडका, त्याच्या पायाशी दोन दगड. वनस्पती मासेवाल्या बाईंच्या दुकानातून आल्या. या बाई कोपऱ्यावरच्या गल्लीत रंगीत माशांचे दुकान चालवीत; बोलणे घाईचे, हात स्थिर. त्यांनी उंच पात्याची वालिस्नेरिया दिली, पाण्यावर तरंगणारे हॉर्नवर्ट दिले आणि रुंद, तपकिरी पानांचे एक रोप दिले. त्याला त्या नुसते क्रिप्ट म्हणत.

रोपे लावण्याचे काम मात्र अक्कांनी हिसकावून घेतले. लांब चिमट्यात मूळ धरायचे, तिरके खुपसायचे, मग चिमटा सोडून अलगद मागे घ्यायचा. निरीक्षकांचे रोप दर वेळी चिमट्याबरोबर वर येई. अक्कांचे एकही आले नाही. खुर्ची टाकीला लावून, मान ताठ ठेवून, डोळ्यांपेक्षा बोटांवरच भरवसा ठेवून त्यांनी मागची रांग उंच आणि पुढची बुटकी अशी लावून दिली.

"हेम घालतेय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "पाणी ओत आता. पण सावकाश, नाहीतर सगळी टीप उसवेल."

निरीक्षकांनी वाळूवर एक बशी ठेवली आणि पाण्याची धार बशीवर धरली, म्हणजे वाळू उकरली जाणार नाही. पाणी चढत गेले. दिवा लागला. फिल्टरची घरघर सुरू झाली. दोघेही बराच वेळ समोर बसून त्या निर्मनुष्य हिरव्या मुलखाकडे पाहत राहिले.

"आता मासे?" अक्कांनी विचारले, आणि विचारताना त्यांचा आवाज किंचित खाली गेला.

"छे! आता वाट बघायची," निरीक्षक उत्साहाने म्हणाले. "माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी या वाळूत, फिल्टरमध्ये वस्तीला यायला हवेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण ते आल्याशिवाय मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. काही आठवडे तरी लागतील."

"मग लागू दे," अक्का म्हणाल्या. "घाई कोणाला आहे?"

पहिला धक्का क्रिप्टने दिला. जागा बदलल्याबरोबर त्याची पाने पारदर्शक झाली, विरघळली आणि एका आठवड्यात तिथे नुसते देठ उरले. निरीक्षक उपटायला निघाले. अक्कांनी त्यांचा हात धरला. "राहू दे. मूळ हाताला घट्ट लागलंय. नव्या जागेला रुळेल."

दुसरा धक्का काचेवर आला. आधी तपकिरी, बोटाने पुसले की जाणारा थर. नव्या टाकीत तो येतोच, असे बाईंनी सांगून ठेवले होते, आणि तो आला तसा गेलाही. पण त्यानंतर हिरवे आले. काचेवर ठिपके, ओंडक्यावर मखमल, आणि वालिस्नेरियाच्या पात्यांना धाग्यासारखे लोंबणारे शेवाळ. निरीक्षकांनी काच घासली. चार दिवसांत पुन्हा हिरवी. पाणी बदलले, पुन्हा तेच. सकाळचे ऊन टाकीवर पडते असे लक्षात आल्यावर त्यांनी खिडकीला तपकिरी कागद चिकटवला.

"घर पार्सलसारखं दिसतंय," अक्का म्हणाल्या. "एक पडदा शिवला असता, पण मशीन तिकडे आहे."

शेवटी निरीक्षकांनी मासेवाल्या बाईंना घरी बोलावले. बाई आल्या, काचेला नाक लावून बघितले आणि मागे सरून म्हणाल्या, "सर, पाणी उत्तम आहे. झाडं उत्तम आहेत. फक्त यांना कोणीतरी भरपूर जेवायला घालतंय. दिवा किती वेळ असतो?"

"दुपारी चार ते रात्री दहा. टायमर लावलाय. मी स्वतः."

"सहा तास म्हणजे जास्त नाही." बाई क्षणभर गोंधळल्या. मग हसून म्हणाल्या, "बघा सर, शेवाळ म्हणजे आगंतुक पाहुणा. त्याला हाकलून द्यायला गेलं तर तो हटून बसतो. त्याचे लाड बंद करायचे. उजेड कमी, खाणं कमी. आपोआप पिशवी उचलतो आणि जातो."

निरीक्षकांना ही उपमा इतकी आवडली की हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आत स्वयंपाकघरात अक्का चहात साखर ढवळीत होत्या. चमच्याचा आवाज मध्येच थांबला. पण हे बैठकीत कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतरचा आठवडाभर निरीक्षकांच्या तोंडी तेच वाक्य होते. दूध आणायला जाताना, पाणी बदलताना, जेवताना: पाहुण्याचे लाड बंद! एकदा अक्कांनी भांडी पुसता पुसता विचारले, "आणि बाबू, त्याला जायचंच नसेल तर?"

"कोणाला?"

"पाहुण्याला."

"उजेडच मिळाला नाही तर राहील कसा?" निरीक्षक म्हणाले आणि टाकीकडे वळले.

दिवा त्यांनी पाच तासांवर आणला, मग चारांवर. खत बंद केले. शेवाळ मात्र खुशाल वाढत राहिले. हे अशक्य होते; आणि अशक्य गोष्ट समोर दिसत असली म्हणजे काटा कुठेतरी अडला आहे, हा निरीक्षकांचा आयुष्यभराचा अनुभव होता. फक्त तो कुठे अडला आहे हे त्यांना सापडेना.

निवृत्तीनंतर ते रोज सकाळी तराजू दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात सल्ला द्यायला जात आणि दुपारी जेवायला परतत. एके दिवशी कारखान्यातली वीज गेली म्हणून ते लवकरच घरी आले. कुलपात किल्ली फिरवताना आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार उघडले तर अक्का टाकीजवळ उभ्या, हात पदराखाली. टाकीतला दिवा बंद.

"आज लवकर?" अक्का म्हणाल्या.

"वीज गेली."

निरीक्षकांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि सवयीने टाकीकडे पाहिले. पाहतच राहिले. हॉर्नवर्टच्या शेंड्याशेंड्यावर मोत्यांसारखे बारीक बुडबुडे चिकटले होते. एखादा सुटून वर जात होता. झाडे असे बुडबुडे सोडतात ते उजेडात पोटभर जेवल्यावर. अंधारातून नुकती उठलेली झाडे सोडत नाहीत. त्यांनी झाकणावर, दिव्याच्या जागी, तळवा ठेवला. झाकण उबदार होते.

चहा झाला. कपबश्या उचलल्या गेल्या. मग त्यांनी विचारले, "अक्का, मी गेल्यावर दिवा लावतेस?"

"कोणता दिवा?"

"झाकण गरम आहे. झाडांनी हवा सोडलीय. टायमरच्या बाजूची कळ तू दाबतेस आणि माझी पावलं वाजली की बंद करतेस."

अक्कांनी दीर्घ श्वास घेतला. "तुझ्या तावडीतून एकही दुकानदार सुटला नसेल रे."

"का पण?"

अक्कांनी टाकीकडे पाहिले. "सकाळी घर रिकामं असतं. पट्टी निघाल्यावर हा हिरवा रंग मला पहिल्यांदा नीट दिसला. डोळ्यांना बरं वाटतं."

हे खोटे नव्हते. पुरे मात्र नव्हते. निरीक्षकांनी ते पुरे समजून घेतले, कारण ऐकताच त्यांना वाद घालण्याचे भानच राहिले नाही.

"मग आधी नाही का सांगायचं?" एवढेच ते म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि टायमरच्या चकतीवरचे दात एकेक करून नव्याने लावले. सकाळी थोडा उजेड, अक्कांसाठी; दुपारभर मिट्ट काळोख; संध्याकाळी पुन्हा थोडा, दोघांसाठी. मधल्या काळोखात शेवाळाचा दम तुटतो, झाडांचा तुटत नाही, असे बाईंनी फोनवर सांगितले. "कळ मात्र आता दाबायची नाही," निरीक्षक म्हणाले. "तुझा उजेड तुला मिळेल. त्याच्यासाठी लपायला नको."

अक्कांनी कळ पुन्हा दाबली नाही. भावाने शेवाळाचा उजेड तोडला होता, त्यांचा तोडला नव्हता. हे त्यांना दिसले होते, आणि दिसल्यावर लबाडी करणे त्यांच्याने होईना.

शेवाळ हटू लागले. काचेवरचे ठिपके एका घासण्यात गेले आणि परत आले नाहीत. धाग्याचे शेवाळ अक्कांनी स्वतः काढले. जुना दातांचा ब्रश धाग्यात घालून त्या तो रिळासारखा फिरवीत. गुंता ब्रशाला गुंडाळून येई आणि पाते तुटत नसे. निरीक्षक हातात वाटी धरून शेजारी उभे राहत.

"ओढू नकोस," ते बजावीत.

"गुंता ओढून काढतात का कधी? तू वाटी सरळ धर."

क्रिप्टच्या उघड्या देठाजवळ तपकिरी-हिरवे, गुंडाळलेले एक कोवळे पान वर आले. ते आधी अक्कांना दिसले. त्यांनी ते निरीक्षकांना दाखवले नाही. निरीक्षकांना दुसऱ्या दिवशी आपले आपण सापडले तेव्हा त्यांनी सबंध मजल्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

एका शनिवारी बाईंनी छोट्या नळीत टाकीचे पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, रंग पाहिला आणि म्हणाल्या, "तयार. केव्हाही या आणि मासे घेऊन जा."

त्या संध्याकाळी अक्कांनी कपाटातून आपली बॅग काढली. चार कपडे इस्त्री करून तिच्यात ठेवले. बॅग बंद न करता पलंगाखाली सरकवली. निरीक्षकांनी ती पाहिली आणि काही विचारले नाही.

रविवारी दोघे बाईंच्या दुकानात गेले. दुकान अरुंद, ओलसर, भिंतीभर टाक्या, आणि प्रत्येक टाकीत रंगांची धांदल. निरीक्षकांनी उदारपणे हात पसरला. "तू निवड."

अक्का एका टाकीपुढून दुसरीकडे गेल्या. गप्पींपुढे थांबल्या. "यांना झालर फारच लावलीय. चालताना पायात येईल."

"मावशी, हे बघा, काळे मॉली," बाई म्हणाल्या.

"हे कुठे निघालेत? शोकसभेला?"

"मग एंजेल?"

"कापड उंची आहे. पण बेतताना चुकलंय. खांद्यात तोकडं."

निऑन टेट्रा फार चमकतात, गौरामी टक लावून बघतात, सोनमासा आपल्यासारखाच सुटलाय. बाईंनी जाळी हातात घेतली आणि परत ठेवली. "मावशी, मासा निवडताय की नवरा?"

"नवरा निवडायला इतका वेळ नव्हता लागला," अक्का म्हणाल्या. "आज नको. पुन्हा येऊ."

घरात शिरल्यावर निरीक्षकांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "अक्का, तुला मासे नकोत का?"

"नकोत."

"दोन महिने मी त्यांच्यासाठी राबतोय. तूही राबलीस. आणि आता नकोत? का?"

अक्का वेताच्या खुर्चीत टेकल्या. काळा चष्मा आता गेला होता. डोळे स्वच्छ होते आणि भरले होते. "मासे आले की मला जावं लागेल."

"पण ते तूच म्हणाली होतीस!"

"म्हणाले होते. आणि तू काय म्हणालास?"

निरीक्षकांनी आठवून पाहिले. "काहीच नाही."

"तेच तर," अक्का म्हणाल्या. "दूधवाल्याच्या मापावर वाद घालतोस. कॅलेंडरवर घालतोस. मागे त्या डॉक्टरशी घातलास, थेंब आधी उजव्या डोळ्यात की डाव्या, म्हणून. मी जाते म्हटलं, तर मान हलवलीस आणि झाकण मोजायला गेलास. मला वाटलं, बरंच झालं असेल याला. आणि मग ते पाहुण्याचं. खो खो हसलास. लाड बंद केले की पिशवी उचलतो! आठवडाभर घरात दुसरं वाक्य नव्हतं. म्हणून मग मी दिवा लावायला लागले. एकाच घरात दोघं पाहुणे, त्यातला एक तरी पोटभर जेवू दे. आणि तो होता तोवर मासे येणार नव्हते."

निरीक्षक टेबलाला धरून उभे राहिले. एवढ्या सरळ हिशेबात आपली चूक कुठे झाली हे त्यांना प्रथमच स्वच्छ दिसले. शब्द सापडायला मात्र वेळ लागला, कारण ज्या प्रकारचे शब्द हवे होते ते त्यांनी कधी वापरले नव्हते. म्हणून त्यांनी आपल्याला येत होते तेच केले. खुर्ची ओढून समोर बसले.

"अक्का, मला वाद घालायचाय."

"घाल," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "उशिरा का होईना, घाल."

"मुद्दा पहिला. तुझे डोळे. थेंब घालायला माणूस लागतं."

"थेंब संपले. तूच बाटली फेकलीस."

"मुद्दा दुसरा. तुझ्या खोलीचा जिना. कठडा नाही, पायऱ्या उंच."

"त्याच जिन्यावरून जन्मभर मशीनचं कापड वाहिलं. एकदा पाय घसरला नाही."

"मुद्दा तिसरा." निरीक्षकांनी टाकीकडे बोट केले. "त्या क्रिप्टला जागा बदलली की पानं झडतात. आता कुठे नवीन पान आलंय. अशा वेळी पुन्हा उपटलं तर..."

"मला झाडपाला करू नकोस, बाबू. मला कुठलंही पान आलेलं नाही."

निरीक्षक थांबले. फिल्टरची घरघर ऐकू येत होती. संध्याकाळचा दिवा आपोआप लागला आणि खोली हिरवी झाली.

"चौथा?" अक्कांनी विचारले.

"तू इथे राहावंस असं मला वाटतं."

"कारण?"

"कारण नाही," निरीक्षक म्हणाले. "पुरावाही नाही. नुसतं वाटतं. पहिल्या दिवसापासून वाटतंय. टाकी त्यासाठीच आणली. मला वाटलं, ती मुरायला वेळ लागतो, तोवर तू असशील. पुढचं काय, ते मला विचारता आलं नाही."

अक्का उठल्या आणि म्हणाल्या, "निकाल राखून ठेवते. उद्या मासे आणू."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांना क्षणभरही लागला नाही. त्या सरळ कोपऱ्यातल्या टाकीशी गेल्या. तिच्यात बोटाएवढे, चपळ, रुपेरी-निळ्या पट्ट्यांचे झेब्रा मासे थव्याने फिरत होते. आदल्या दिवशी त्यांच्यापुढे त्या थांबल्याच नव्हत्या.

"हे," त्या म्हणाल्या. "पट्टे बघ कसे डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ जुळवलेत. सांध्यावर तुटत नाहीत."

"काल का नाही दिसले, मावशी?" बाईंनी विचारले.

"काल दिसले होते. म्हणूनच पुढे गेले."

पिशवी घरी आली. निरीक्षकांनी ती तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे आतले आणि बाहेरचे पाणी एका उबेला येईल. मग पिशवीत टाकीतले पाणी वाटीवाटीने घातले. अक्कांनी एकदाही घाई केली नाही. शेवटी पिशवीचे तोंड पाण्याखाली उघडले. मासे आधी ओंडक्यामागे लपले. मग एक बाहेर आला, मग सगळे, आणि वालिस्नेरियाच्या उंच पात्यांमधून निळ्या रेघांची ये-जा सुरू झाली. ओंडक्याच्या मागच्या बाजूला, एरवी नजर जात नव्हती तिथे, शेवाळाची एक पातळ मखमल अजून उरली होती. निरीक्षकांनी ब्रश उचलला. अक्कांनी तो त्यांच्या हातातून काढून घेऊन बाजूला ठेवला.

"तेवढं असू दे. मासे चरतील."

निरीक्षकांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी आठवले, आणि या खेपेस ते तिथून उठून गेले नाहीत.

"निकाल?" त्यांनी विचारले.

अक्का काचेजवळ वाकल्या. आता वाकायला मनाई नव्हती. माशांचा थवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेला त्यांनी पाहिला, परत आलेला पाहिला, आणि खिडकीवरच्या तपकिरी कागदाकडे नजर टाकली.

"पहिले तीन मुद्दे फेटाळले," त्या म्हणाल्या. "चौथा मान्य. माझं मशीन इकडे आणायची सोय कर."